यूव्ही लाइट लावला तर तपकिरी पडलेल्या कोरलचा रंग परत येतो का?

तुम्ही विचारलंय की भुसावळला तुमच्या माशांच्या टँकमधले हिरवे झोआ (झोअँथिड, बटणांच्या झुपक्यासारखं दिसणारं कोरल म्हणजे प्रवाळ) तपकिरी पडलेत आणि दुकानदार यूव्ही (अतिनील) लाइट घ्या म्हणतोय, तर घ्यावा का. मी जळगावला खाऱ्या पाण्याचा टँक सांभाळतो. माझं मत: इतक्यात नको.

तो तपकिरी रंग झोआच्या पेशींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालाचा आहे. पाण्यात नायट्रेट-फॉस्फेट वाढलं किंवा प्रकाश कमी पडला की हे शैवाल दाटतं आणि झोआचा स्वतःचा रंग त्याखाली झाकला जातो. म्हणून आधी पाणी तपासा. वरून भरायला बोअरचं पाणी वापरत असाल तर आजच थांबवा, आरओचंच घाला.

आता लाइटचं. टँकसाठी यूव्ही म्हणून मिळणारे एलईडी बहुतेक ३९५ ते ४२० नॅनोमीटर तरंगलांबीचे असतात. ४०० च्या पुढचा तो यूव्ही नव्हेच, सरळ जांभळा प्रकाश. रात्री पांढरा बंद करून नुसता तोच लावा, झोआच्या कडेची झालर अशी हिरवीगार पेटते की बघत राहावं. झोआतली प्रथिनं जांभळा-निळा प्रकाश शोषून हिरवा बाहेर टाकतात, त्याची ही चमक. पण पांढरा लाइट लावला की झोआ पुन्हा तपकिरीच. ही प्रथिनं मुळात वाढावीत असं वाटत असेल तर ४५० च्या आसपासचा निळा प्रकाश जास्त कामाचा, आणि त्यालाही काही आठवडे द्यावे लागतात. खऱ्या अतिनील किरणांपासून तर कोरल स्वतःचा बचाव करतं. त्यासाठी त्याच्या अंगात जे द्रव्य असतं त्याला रंगच नसतो, म्हणजे ते वाढलं तरी रंग दिसणार नाही.

फिल्टरमधला यूव्ही दिवा मात्र वेगळा, २५४ नॅनोमीटरचा, जंतू मारणारा. तो नळीबाहेर उघडा कधीच लावू नका. कोरल आणि डोळे दोन्ही जातील.

आणि आपल्याकडचा उन्हाळा विसरू नका. बाहेर पारा ४५ ला टेकतो तेव्हा टँक ३० च्या वर जायला वेळ लागत नाही. गरम पाण्यात जोराचा प्रकाश पडला की कोरल ते शैवालच बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. एप्रिल-मेमध्ये पाण्यावर पंखा सोडा. कोरड्या हवेत तो छान काम करतो, फक्त उडालेलं पाणी रोज भरा, नाहीतर खारटपणा चढतो. नवा लाइट घ्यायचाच असेल तर दिवाळीनंतर घ्या, कमी जोरावर सुरू करा आणि दर आठवड्याला थोडा थोडा वाढवा. झोआ मिटून राहायला लागले की लगेच मागे या.