गिलकं पुन्हा वाढा

प्रश्न: मुलगा अडीच वर्षांचा आहे. दीड वर्षाचा होईपर्यंत गिलकं (घोसाळं), गंगाफळ (लाल भोपळा) सगळं खायचा. आता भाजी दिसली की तोंड मिटतो. केळं आणि वरणभात, बस. आमचं काय चुकलं? (एक आई, फैजपूर)

उत्तर: ताई, काही चुकलेलं नाही. दोन ते सहा वर्षांच्या वयात अनोळखी चवीची धास्ती सर्वांत जास्त असते. भूकही उतरलेली असते. पहिल्या वर्षात जन्माचं वजन तिप्पट होतं, पुढे वर्षाला जेमतेम 2 ते 2.5 किलो वाढतं. मग तो पहिल्यासारखा कसा जेवेल? एखादी भाजी रुचायला ती 8-10 वेळा, कधी 15 वेळाही समोर यावी लागते. आपण तिसऱ्याच दिवशी ‘याला आवडतच नाही’ म्हणून सोडून देतो. रोज चमचाभर वाढा, स्वतः शेजारी बसून तीच भाजी खा. त्याने नाही खाल्ली तरी बोलू नका. ‘भाजी संपव, मग बिस्कीट देते’ हे तर मुळीच नको, त्याने भाजी शिक्षा होऊन बसते. केळं चांगलंच आहे, फक्त जेवणाच्या तोंडावर देऊ नका. रावेर-यावलकडे घरात घड असतोच, म्हणून मुद्दाम सांगते.

प्रश्न: आमच्याकडे भरीत, शेवभाजी सगळं झणझणीत. चार वर्षांच्या मुलीसाठी वेगळं रांधायचं का? (अमळनेर)

उत्तर: वेगळं नको, तिचा वाटा आधी काढा. वांगी भाजून सोलली की मिरची कुटण्याआधी दोन चमचे गर बाजूला घ्या. त्यात दाण्याचा कूट, किंचित मीठ, कच्चं तेल घाला आणि कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरीसोबत द्या. भरितातले अख्खे शेंगदाणे मात्र पाच वर्षांपर्यंत देऊ नका, श्वासनलिकेत अडकतात. कांद्याची पात निवडायला तिलाच बसवा. हाताला ओळखीची झालेली भाजी तोंडात जायला सोपी जाते.

प्रश्न: पालक वाटून पराठ्यात लपवला तर? (शिरपूर)

उत्तर: पोटात जाईल, पण ओळख होणार नाही. सांगून घाला. आणि पराठ्यासोबत कपभर चहा देत असाल तर तो आजच बंद करा, त्याने लोह अंगी लागत नाही. त्याऐवजी लिंबाची फोड द्या.