अ‍ॅलोप्युरिनॉल सुरू केल्यावर वडिलांचा अंगठा पुन्हा सुजला. गोळी बंद करावी का?

तुम्ही लिहिलंय की वडील ६२ वर्षांचे आहेत, गाउटचं (युरिक अ‍ॅसिड साचून सांधा सुजतो तो आजार) निदान झालंय, डॉक्टरांनी अ‍ॅलोप्युरिनॉल १०० मिलीग्रॅम रोज एक अशी सुरू केली आणि दोन आठवड्यांत पायाचा अंगठा पुन्हा टम्म सुजला. बीपीची गोळीही चालू आहे. नवी गोळी बाधली का, ती बंद करावी का, आणि आयुष्यभर घेतली तर किडनी जाते का, असं तुम्ही विचारलंय.

मी डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आहे. कोल्हापुरात औषधांच्या दुकानात बसतो आणि या गोळ्यांच्या चिठ्ठ्या रोज हातात येतात. अंगठा सुजला म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नका. अंगावर पुरळ उठलं, तर मात्र पुढचा डोस न देता तडक डॉक्टरकडे जा.

सूज का आली ते सांगतो. रक्तातलं युरिक अ‍ॅसिड साधारण ६.८ च्या वर बरीच वर्षं राहिलं की त्याचे सुईसारखे खडे सांध्यात साचतात. गोळीने पातळी उतरायला लागली की हे जुने खडे विरघळू लागतात, जागचे हलतात, आणि त्यामुळेच सांधा भडकतो. म्हणजे गोळी काम करायला लागल्यावरही असा झटका येऊ शकतो. म्हणूनच बरेच डॉक्टर सुरुवातीचे तीन ते सहा महिने सोबत झटका टाळण्यासाठी कोल्चिसिन ०.५ मिलीग्रॅमची गोळी देतात. वडिलांच्या चिठ्ठीवर ती दिसत नसेल तर जरूर विचारा. आधीपासून चालू असलेली अ‍ॅलोप्युरिनॉल झटक्यातही तशीच चालू ठेवतात.

कुणी 'युरिक अ‍ॅसिडची गोळी द्या' म्हणत आलं की मी आधी विचारतो, रोजची की दुखण्याची? अर्ध्या लोकांना यात दोन प्रकार असतात हेच ठाऊक नसतं. दुखण्याची गोळी झटक्यापुरती, चार-आठ दिवस. रोजची गोळी दुखत नसतानाही घ्यायची. प्रत्यक्षात लोक उलटं करतात. बरं वाटलं की रोजची बंद, आणि दुखण्याची मात्र महिनोन्महिने चालू.

१०० चा डोस ही फक्त पहिली पायरी आहे. दर काही आठवड्यांनी रक्त तपासून डॉक्टर तो वाढवत नेतात, युरिक अ‍ॅसिड ६ च्या खाली येईपर्यंत. कानाच्या पाळीवर, कोपरावर किंवा बोटांवर पांढुरक्या गाठी आल्या असतील तर ५ च्या खाली. कित्येक जणांना ३०० किंवा त्याहून जास्त लागते. माझ्याकडे वर्षानुवर्षं १०० च नेणारे लोक आहेत; रिपोर्ट साडेआठचा, आणि तक्रार अशी की गोळी लागू पडत नाही. कशी पडेल? आणखी एक, ऐन झटक्यात रक्त तपासलं तर आकडा कधीकधी नॉर्मलही येतो. त्यावर विसंबू नका, झटका ओसरल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासा.

आता किडनी. अ‍ॅलोप्युरिनॉलने किडनी जाते ही भीती मी रोज ऐकतो, आणि ती चुकीच्या गोळीला चिकटली आहे. किडनी आधीच अशक्त असेल तर डॉक्टर ५० पासून सुरू करतात आणि हळूहळू वाढवतात, इतकंच. किडनीला खरा धोका डायक्लोफिनॅक, असिक्लोफिनॅक, इटोरिकॉक्सिब या दुखण्याच्या गोळ्यांचा. चिठ्ठीशिवाय मागितल्या जातात त्याही याच. बीपीच्या काही गोळ्यांसोबत त्या किडनीवर आणखी भार टाकतात. शिवाय वडिलांच्या बीपीच्या स्ट्रिपवर नावापुढे 'एच' आहे का ते बघा. असेल तर त्यात बहुतेक हायड्रोक्लोरोथायझाइड असतं, ते लघवीवाटे पाणी काढतं पण युरिक अ‍ॅसिड वाढवतं. तीही आपल्या मनाने बंद करू नका, पण डॉक्टरांना दाखवा. लोसार्टनसारखी बीपीची गोळी उलट युरिक अ‍ॅसिड थोडं उतरवते. हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर तिनेही ते जरा वाढतं, पण तेवढ्यासाठी ती सोडायची नाही.

पुरळाबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे हयगय चालत नाही. अ‍ॅलोप्युरिनॉलची गंभीर अ‍ॅलर्जी विरळ आहे, पण जिवावर बेतू शकते. ती बहुतेक वेळा पहिल्या दोन-तीन महिन्यांत येते. पुरळ, ताप, तोंडात फोड, लाल डोळे, चेहऱ्यावर सूज यांतलं काहीही दिसलं तर गोळी थांबवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. खाज मारायची गोळी देऊन वाट बघत बसू नका. अशी गंभीर अ‍ॅलर्जी एकदा झाली की ही गोळी पुन्हा कधीच द्यायची नाही. मग डॉक्टर बहुधा फेबुक्सोस्टॅट या युरिक अ‍ॅसिड उतरवणाऱ्या दुसऱ्या गोळीकडे वळतात. तिच्याबाबत अमेरिकेच्या औषध नियामकाने २०१९ मध्ये हृदयविकाराच्या धोक्याचा इशारा दिला. नंतरच्या एका मोठ्या युरोपीय चाचणीत तसा वाढीव धोका दिसला नाही. तरीही अँजिओप्लास्टी किंवा हार्ट अटॅक झालेला असेल तर ते आधीच सांगा. आणि कुठल्याही कारणाने अ‍ॅझाथायोप्रिन (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) चालू असेल, तर अ‍ॅलोप्युरिनॉल किंवा फेबुक्सोस्टॅट यांपैकी कोणतीही गोळी त्यासोबत घातक ठरू शकते.

कोल्चिसिन दिसायला इवलीशी, पण तिचा हिशेब कडक. झटक्याच्या सुरुवातीला डॉक्टर सांगतील तेवढीच, 'दुखतंय म्हणून अजून एक' असं नाही. जुलाब, ओकारी सुरू झाली की ती जास्त होतेय असं समजा. क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक किंवा बीपी-हृदयाची डिल्टियाझेम, व्हेरापामिल सोबत असेल तर कोल्चिसिन रक्तात साठते, म्हणून सगळ्या औषधांची यादी डॉक्टरांना द्याच. पावसाळ्यात रानात लाल-पिवळी फुलते ती कळलावी, तिच्या कंदात हेच कोल्चिसिन असतं. सांध्यांसाठी कंद उगाळून पोटात घ्या म्हणणारा भेटला तर तिथून निघा.

पथ्याचं म्हणाल तर बिअर, कलेजी, तारली, कोल्ड्रिंक्स कमी करा, पाणी भरपूर. वरण-उसळ बंद करायची गरज बहुतेकांना नसते. पण नुसत्या पथ्याने साडेआठचा आकडा सहाखाली येणं कठीण, म्हणून गोळी लांबच्या पल्ल्याची. बहुतेकांना ती वर्षानुवर्षं लागते. बंद केली की आकडा काही दिवसांत चढतो, सांधा मात्र महिन्यांनी बोलतो. एखादा दिवस चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन देऊ नका. जेवणानंतर, भरपूर पाण्यासोबत द्या.

उद्याच डॉक्टरांना फोन करा. चालू असलेल्या सगळ्या स्ट्रिप्सचे फोटो आणि शेवटचा क्रिएटिनिनचा (किडनीच्या तपासणीचा) रिपोर्ट पाठवा. आणि अंगठ्यासोबत ताप, थंडी असेल तर फोनवर न थांबता वडिलांना दाखवायला न्या, कारण सांध्यात जंतुसंसर्ग झाला तरी तो बाहेरून अगदी गाउटसारखाच दिसतो.