घरी येतं, पेपरात येत नाही

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मुलांना आणि आईवडिलांना अभ्यासाचा-प्रवेशाचा सल्ला द्यायला मी दर रविवारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत बसते. दिवाळीपासून मे महिन्यापर्यंत येणाऱ्या आईवडिलांचा प्रश्न बहुतेक एकच असतो. पोरगी घरी सगळं सोडवते, पण सराव परीक्षेत मार्क पडत नाहीत. क्लास कमी पडला का? की एक वर्ष थांबवून पुन्हा परीक्षेला बसवावं?

प्रत्येक घरी याचं कारण वेगळं निघतं. त्यातलं एक इथे सांगते. मुलीची आणि तिच्या वडिलांची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

नोव्हेंबर 2024 मध्ये ते दोघं पहिल्यांदा आले. कापसाची वेचणी ऐन भरात होती, त्यामुळे यायला दिवस मावळला. वडील दारातूनच बोलू लागले, "मॅडम, घरी पोरगी सारं फाडफाड सांगते, अन् पेपरात बसली का गारठते. तिले नागपूरले ठेवाले पाह्यजे होतं का जी?" मुलगी बारावी विज्ञानला, इंजिनीअरिंगसाठी सीईटी, म्हणजे राज्याची प्रवेश परीक्षा, देणार होती. घरी वही घेऊन बसली की गणितात 100 पैकी 70 च्या आसपास, क्लासच्या सराव परीक्षेत 34.

पहिल्या दोन भेटींत मी चुकले. तिला वेळापत्रक आखून दिलं, पहाटे पाचला उठायला सांगितलं, मोबाईल माजघरात ठेवायला लावला. तिने सगळं पाळलं. पुढच्या सराव परीक्षेत 31 आले.

तिसऱ्या भेटीत मी तिला माझ्यासमोरच गणिताचा पेपर सोडवायला बसवलं. घड्याळ लावलं, 90 मिनिटं. पहिली दहा मिनिटं पेन भराभर चाललं. मग एका प्रश्नावर ती अडली. कच्च्या कागदाच्या कोपऱ्यात काहीतरी लिहिलं, खोडलं, पुन्हा तेच लिहिलं. त्यानंतर विसाव्या मिनिटापर्यंत तिने एकही प्रश्न सोडवला नाही. मी पेपर थांबवला. कोपऱ्यात "8.5" हा आकडा चार वेळा लिहिलेला होता. त्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं.

"हे काय आहे गं?"

बराच वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, "साडेआठ क्विंटल."

क्लासची फी 60 हजार. व्यापाऱ्याने घरून कापूस नेला क्विंटलला सात हजारांनी. त्यांचं शेत चार एकर कोरडवाहू, म्हणजे फीपायी जवळपास दोन एकरांतला कापूस गेला होता. दिवाळीच्या सुट्टीत आईसोबत तिने तो स्वतः वेचला होता. "मॅडम, एक गणित अडलं का मले ओट्यावरचा कापसाचा ढीग दिसते. मंग पुढचं काहीच दिसत नाही."

आपल्या भागातल्या मुलांना शेताचा हिशोब लहानपणापासून ठाऊक असतो, त्यांना कोणी तो मुद्दाम सांगत नाही. तरी ही मुलगी प्रत्येक प्रश्न क्विंटलमध्ये मोजत असेल, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. तिला क्लास कमी पडला नव्हता, उलट क्लासच तिच्या छातीवर बसला होता. अशा मुलीला आणखी एक महागडा क्लास लावला, तर ढीग तेवढा वाढला असता.

पुढच्या रविवारी मी आई आणि वडील दोघांनाही बोलावलं. तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. कोणीतरी मध्यस्थ वडिलांना भेटून गेला होता. पुण्याकडे मॅनेजमेंट कोट्यातून, म्हणजे कॉलेज स्वतः भरतं त्या जागांतून, जागा मिळवून देतो, म्हणत होता. "एक एकर इकतो जी," वडील म्हणाले, "पण पोरीचं चांगलं व्हावं." मुलगी खाली मान घालून बसली होती. तिला हे आधीच माहीत होतं.

म्हणून अभ्यासाआधी आम्ही पैशाचा कागद मांडला. 2024-25 पासून राज्य सरकारने व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी ओबीसी, एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं आहे. त्यासाठी घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं, आणि प्रवेश सरकारच्या केंद्रीय प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्याने जागा घेतली की ही माफी नाही. ज्या जागेसाठी वडील वावर विकायला निघाले होते, तिथेच ही सवलत हातची गेली असती. मध्यस्थ हे सांगत नाही. मला याचा फार राग येतो, कारण दरवर्षी दोन-तीन घरं या फेऱ्यात सापडलेली मी पाहते.

माफ काय होत नाही, तेही मी स्पष्ट सांगितलं. डेव्हलपमेंट फी, खोली, मेस, पुस्तकं आणि येणंजाणं हा खर्च उरतोच. अमरावतीत शिकणाऱ्या त्यांच्याच गावच्या एका मुलाला तिथूनच फोन लावला आणि खोली-मेसचा महिन्याचा आकडा विचारून कागदावर लिहिला.

वडिलांनी कागद दोनदा पाहिला. "म्हणजे फीसाठी वावर इकाव लागत नाई?"

"नाही. पण कागदपत्रं आत्तापासून लागतील."

आई तोवर गप्प होती. ती मुलीकडे पाहून म्हणाली, "तुले कोनं सांगितलं का कापूस तुह्यासाठी पेरला म्हून? आमी तं दरसालच पेरतो."

मुलगी रडली, खूप रडली. मी काही बोलले नाही. माझ्या दोन महिन्यांच्या सल्ल्याने जे झालं नव्हतं, ते या एका वाक्याने झालं, असं मला आजही वाटतं.

त्यानंतर पेपराकडे वळलो. सीईटीचा पेपर 200 गुणांचा असतो. भौतिक आणि रसायनचे 50-50 प्रश्न एकेका गुणाचे, त्यांना मिळून 90 मिनिटं. गणिताचे 50 प्रश्न दोन-दोन गुणांचे, त्यांना वेगळी 90 मिनिटं. जेईईसारखे चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. तिला हे सगळं पाठ होतं, पण पेपर सोडवताना ती याचा उपयोगच करत नव्हती. एक प्रश्न अडला की तिथेच दहा मिनिटं जात. आम्ही ठरवलं की पहिल्या फेरीत पाहताक्षणी वाट दिसते तेवढेच प्रश्न घ्यायचे, अडला की खूण करून पुढे जायचं. दुसऱ्या फेरीत खुणेचे प्रश्न. शेवटच्या पाच मिनिटांत एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही. अकरावीवर प्रत्येक विषयात साधारण 10 प्रश्न येतात, तेही ठरलेल्या धड्यांवर, म्हणून अकरावीची सगळी पुस्तकं पुन्हा उघडायची गरज नव्हती.

आणि पेपराआधी दहा मिनिटं एका कागदावर मनात येईल ते लिहायचं. कापूस, भाव, बाबा, सगळं. मग घडी घालून कागद बाजूला ठेवायचा. पहिल्यांदा तिने दीड पान लिहिलं, मार्चमध्ये चार ओळी. सराव परीक्षेतलं गणित 31 वरून 52, मग 48, मग 60 वर गेलं. मध्ये खाली आलं तेव्हा वडील पुन्हा घाबरून आले. एवढं खालीवर व्हायचंच, म्हणून मी त्यांना चहा पाजून परत पाठवलं.

परीक्षेचं केंद्र अमरावतीला आलं. आदल्या दिवशीच निघा, असं मी आग्रहाने सांगितलं होतं. सकाळच्या एसटीच्या भरवशावर तीन तासांची परीक्षा ठेवू नये. निकाल लागला तेव्हा ती 91 पर्सेंटाइलच्या थोडी पुढे होती.

वर्ष थांबवण्याचा प्रश्न तेव्हा पुन्हा निघाला. आणखी एक वर्ष दिलं तर 97 येतील, असं कोणीतरी सांगितलं होतं. मी स्पष्ट नको म्हणाले. मुलाला स्वतःला थांबायचं असेल, नेमकं काय कच्चं राहिलं ते त्याला सांगता येत असेल आणि घर ते वर्ष झेपवू शकत असेल, तर थांबावं. इथे थांबायची इच्छा शेजाऱ्यांची होती.

कॅपसाठी कॉलेजांचे पर्याय भरताना ती गेल्या वर्षीचे कटऑफ घेऊन बसली आणि "हे तर मिळणारच नाही" म्हणत चांगली नावं खोडू लागली. मी तिचा हात धरला. यादी आपल्या आवडीच्या क्रमाने लावायची असते. संगणक वरून खाली जातो आणि पहिली मिळेल ती जागा देतो, वर अवघड नाव लिहिल्याने खालची जागा जात नाही. मात्र पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला की तो पक्का होतो, नंतरच्या फेऱ्यांत वरचे आणखी काही पर्यायही असेच पक्के होतात, मग बदलता येत नाही. म्हणून मनापासून नको असलेलं नाव वर लिहू नये. तिने अमरावती आणि यवतमाळची शासकीय महाविद्यालयं, शेगाव, बडनेरा, आणि एकदोन पुण्याची अशी यादी लावली. पुणं तिला हवंच होतं, फक्त वावर विकून नको होतं.

कागदपत्रांचं सांगते, कारण मार्क असूनही इथेच पोरं अडकतात. घर ओबीसीतल्या सधन गटात मोडत नाही असं सांगणारा नॉन क्रिमिलेअर दाखला प्रवेशाच्या वर्षाच्या पुढच्या 31 मार्चपर्यंत चालणारा हवा. जात वैधता प्रमाणपत्रासाठी बारावीत असतानाच जात पडताळणी समितीकडे अर्ज टाकावा. यांनी डिसेंबरातच टाकला, म्हणून जुलैत सेतूच्या रांगेत धावपळ झाली नाही.

दुसऱ्या फेरीत तिला अमरावतीत विद्युत शाखा मिळाली. सप्टेंबरमध्ये तिचा फोन आला. वसतिगृहात नंबर लागला नव्हता, चार मुलींनी मिळून खोली केली होती. वसतिगृह न मिळालेल्या ओबीसी मुलांना राहण्या-जेवणाच्या खर्चाला पैसे देणारी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे म्हणतात, त्यात आपलं बसते का, एवढंच तिला विचारायचं होतं. मी तिला वसतिगृहात जागा न मिळाल्याचा आणि खोलीच्या भाड्याचा कागद जपून ठेवायला सांगितला, आणि सोमवारी समाजकल्याणच्या इमारतीत ओबीसी कल्याणचं टेबल कुठे आहे ते विचारून घे, म्हटलं.