फेलोशिपवर प्लॉटचा हप्ता?

प्रश्न थोडक्यात: वय २८. छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात रसायनशास्त्रात पीएच.डी. सुरू आहे. यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोग) जेआरएफ, म्हणजे ज्युनियर रिसर्च फेलोशिप, महिना ३७ हजार, लागून १६ महिने झाले. सहा महिने थकलेली फेलोशिप, २ लाख २२ हजार, एकदम जमा झाली. फुलंब्री रोडला १,००० चौरस फुटांचा प्लॉट बघितलाय: बुकिंग २ लाख, मग १४ हजारांचे ३६ हप्ते. ११ हजार टोकन दिलंय. बेगमपुऱ्यातली रूम, मेस, पेट्रोल, सॅम्पल तपासणी आणि घरी पाठवायचे ८ हजार धरून महिना २० हजार जातात. वडील म्हणतात, घेऊन टाक. घेऊ का?

उत्तर: या अटींवर आज नको. आठ महिन्यांनी, कागद नीट असतील तर, जरूर बघा.

३७ हजारांतून २० गेले, १४ हप्त्याला, ३ उरले. कागदावर बसतं. पण तुम्हाला जे २ लाख २२ हजार मिळाले, ते सहा महिने न आलेले पैसे आहेत. त्या सहा महिन्यांत हप्ता चालू असता तर ८४ हजार कुठून आणले असते? तुम्ही पाठवलेल्या बुकिंग फॉर्मवर अगदी खाली, बारीक अक्षरात लिहिलंय: सलग तीन हप्ते चुकले तर बुकिंग रद्द, भरलेल्या रकमेतून २५ टक्के कपात. म्हणजे तिसऱ्याच महिन्यात खेळ संपला असता.

फेलोशिप अडकण्याची कारणंही तुमच्या हातात नसतात. विद्यापीठातल्या मेकरने (नोंद करणारा कर्मचारी) दर महिन्याला पोर्टलवर नाव टाकायचं, चेकरने (ती तपासणारा) मान्य करायचं. क्लार्कची बदली झाली, नव्या माणसाचा लॉगिन झाला नाही, की अख्ख्या विभागाचे पैसे थांबतात. दुसरा अडथळा तुमच्यासमोर आठ महिन्यांवर आहे: दोन वर्षं पूर्ण झाली की समितीपुढे सादरीकरण, मगच एसआरएफचे (सीनियर रिसर्च फेलोशिप) ४२ हजार. बाहेरच्या तज्ज्ञाची तारीख मिळत नाही, अहवाल टेबलावर पडून राहतो आणि वाढ लांबते. गाइडकडे दोन महिने आधीच तारखेचा विषय काढा.

पाच वर्षांचा हिशोब असा: २४ महिने ३७ हजार, ३६ महिने ४२ हजार, एकूण बरोबर २४ लाख. रक्कम कमी नाही, ती वेळेवर येत नाही एवढंच. आणि प्रबंध आधी सादर केला तर त्या दिवसापासून फेलोशिप बंद. पुढे परीक्षकांचे अहवाल, व्हायवा, मग बहुतेकांच्या नशिबी सीएचबी, म्हणजे तासिका तत्त्वावरची प्राध्यापकी: तासाप्रमाणे मानधन, सुट्टीत शून्य, तेही उशिरा. या काळासाठी दीड वर्षाचा खर्च, म्हणजे ३ लाख ६० हजार, हाताशी लागतो.

म्हणून आता हे करा. १ लाख २० हजारांची एकच एफडी न करता २०-२० हजारांच्या सहा करा, राष्ट्रीयीकृत बँकेत. फेलोशिप थकली की महिन्याला एक मोडायची, थकबाकी आली की पुन्हा भरायची. पतसंस्था जास्त व्याज देईल. पण तिथल्या ठेवीला बँकेतल्यासारखं ५ लाखांचं विमा संरक्षण नसतं, आणि मराठवाड्यात कुणाच्या ठेवी कुठे अडकल्यात हे तुमच्या गावातही माहीत असेल. उरलेले १ लाख २ हजार आणि दरमहा शिल्लक राहणारे १७ हजार बाजूला टाका. आठ महिन्यांनी हे २ लाख ३८ हजार होतात, सहा एफडी वेगळ्या. घरी पेरणीच्या तोंडावर थोडे जास्त गेले तरी गणित मोडत नाही.

तेव्हा हाच प्लॉट, हीच किंमत धरून बघा. बुकिंगचे २ लाख आहेत. एसआरएफचे ३६ महिने आणि ३६ हप्ते, जोडी जुळते. ४२ मधून २० आणि १४ गेले की ८ उरतात, ३६ महिन्यांत २ लाख ८८ हजार. त्यात एफडीचे १ लाख २० हजार मिळवले तर ४ लाख ८ हजार. दीड वर्षाची सोय झाली.

तुमच्या खर्चात एक गोष्ट दिसली नाही: घरभाडे भत्ता. होस्टेल घेतलेलं नाही, तर फेलोशिपबरोबर तो केंद्राच्या दराने मिळतो. पीएच.डी. विभागात विचारा, मागचाही मागा.

आता कागद. 'समृद्धीचा इंटरचेंज जवळ' हे ऐकून भुलू नका. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या आणि आठपेक्षा जास्त प्लॉटच्या लेआउटला महारेराची (राज्याचं स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरण) नोंदणी लागते; तो क्रमांक मागा आणि महारेराच्या साइटवर स्वतः तपासा. सातबारा, एनए (बिगरशेती) आदेश, मंजूर रेखांकन बघा. रेरा कायद्यानुसार नोंदणीकृत करार झाल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. तुमचा प्लॉट ७ लाख ४ हजारांचा, म्हणजे कमाल ७० हजार ४००. हे लोक २ लाख मागतात आणि बदल्यात नोटरी केलेली पावती देतात. गुंठेवारीचा (मंजुरीविना तुकडे पाडून विकलेल्या जमिनीचा) व्यवहार असेल तर लांबच राहा. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी वेगळी धरा.

जाता जाता: टॅक्स वाचवायला विमा पॉलिसी घ्या असं एजंट सांगत असेल तर त्याला नाही म्हणा. शिष्यवृत्ती म्हणून ही रक्कम करमुक्तच आहे. रिटर्न मात्र भरा, करमुक्त उत्पन्न त्यात दाखवून. पुढे कर्जाच्या वेळी उपयोगी पडतं.

११ हजारांचं टोकन परत मागा, लेखी अर्ज देऊन, पोच घेऊन. टाळाटाळ झाली तर वडिलांना त्या ऑफिसात सोबत न्या आणि महारेरा क्रमांक त्यांच्यासमोरच विचारा.