मॅडम, माझ्या अपेक्षा जास्त आहेत का?

लग्नाआधी माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या मुली, आणि हल्ली मुलंही, हा प्रश्न हमखास विचारतात. मागे एक मुलगी आली होती (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत), वय 29, मूळची नाशिकची, नोकरी पुण्यात आयटीमधे, दोन वर्षं स्थळं बघणं चालू. आई म्हणते किती नाकं मुरडशील, मावशी म्हणते जरा तडजोड करायला शिक, आणि हिला आता खरंच वाटायला लागलेलं की दोष आपलाच आहे.

बायोडेटात अपेक्षा होत्या उंची पाच नऊच्या पुढे, पुण्यात स्वतःचा फ्लॅट, पॅकेज तिच्यापेक्षा जास्त, निर्व्यसनी आणि सगळ्यात शेवटी समजूतदार. म्हटलं बाकीचं तर बायोडेटा वाचूनच कळतं गं, पण समजूतदार आहे हे तुला कशावरून कळणार? एक प्रसंग सांग.

बराच वेळ गप्प बसली. मग हळूहळू बोलायला लागली की ती एकुलती एक, बाबा खाजगी नोकरीतून रिटायर झालेत, पेन्शन नाही, ती दर महिन्याला 15 हजार घरी पाठवते आणि लग्नानंतर ते बंद होतील की काय या विचाराने तिला झोप लागत नाही. हे बायोडेटात कुठेच नव्हतं! एकाही मुलाला विचारलं नव्हतं, कारण आईने बजावलेलं, असं बोललीस तर स्थळ हातचं जाईल.

मला याचं फार वाईट वाटतं. 2007 च्या कायद्याने आईवडिलांना सांभाळायची जबाबदारी मुलीवरही टाकलीये, लग्न झालेलं असो नसो, आणि आपण मात्र तिला ते लपवायला सांगतो.

डेव्हिड बस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1980 च्या दशकात 33 देशांतल्या 10 हजारांहून जास्त लोकांना जोडीदारात काय हवं ते विचारलं होतं, त्यात बायका पुरुष दोघांनीही प्रेमळ, समजून घेणारा स्वभाव अगदी वर ठेवला. म्हणजे हवं सगळ्यांना तेच असतं, पण बघायच्या कार्यक्रमात त्याची परीक्षा कोणी घेतच नाही. तू समजूतदार आहेस का विचारलं तर कोण नाही म्हणेल?

म्हणून आम्ही ठरवलं की दुसऱ्या भेटीत, मोठी माणसं नसताना, तिने सरळ सांगायचं, मी घरी पैसे देते आणि पुढेही देणार. समोरचा हो म्हणतो की नाही एवढंच बघायचं नाही, न पटणारी गोष्ट ऐकल्यावर तो कसा बोलतो तेही बघायचं. साखरपुडा होऊन हॉल बुक झाल्यावर हे बोलणं फार जड जातं, त्यामुळे आधीच.

बाणेरला फ्लॅट असलेला एक म्हणाला, आईला विचारावं लागेल, आणि नंतर फोनच आला नाही. दुसरा साताऱ्याकडचा, भाड्याने राहणारा, उंची पाच सहा. त्याने विचारलं की माझ्या बहिणीची फी मी भरतोय अजून दोन वर्षं, मग आपण घरखर्च कसा वाटून घ्यायचा? त्यावर दोघं तासभर हिशोब करत बसले, एका मुद्द्यावर थोडं वाजलंही, पण त्याने आवाज चढवला नाही की विषय टाळला नाही.

उंची आणि फ्लॅट तिने स्वतःहून खोडलं. समजूतदार आणि निर्व्यसनी तसंच ठेवलं, आणि ठेवायलाच हवं होतं, तिथे तडजोड कर असं मी कुणालाच सांगत नाही.

लग्न अजून ठरलेलं नाही. पत्रिकेत 36 पैकी 16 च गुण जुळतात, आई म्हणते 18 तरी हवेत. पुढच्या वेळी आईलाच सोबत आण म्हटलंय, कारण त्या 15 हजारांबद्दल आईच्या मनात काय आहे हेही अजून कुणी विचारलेलं नाही.