फॉस्टर केअरमध्ये मूल घरी आणलं तर अडचणी काय येतात? (नेरूळ)

आधी एक पक्कं डोक्यात ठेवा, हे दत्तक नव्हे. बाल कल्याण समिती मूल ठरावीक काळासाठी तुमच्याकडे देते. त्याच्या घरची परिस्थिती सुधारली तर ते परत जाऊ शकतं. कुटुंबाची दमछाक इथेच होते. जीव लावायचा, पण हक्क सांगायचा नाही.

मुलाची ओढाताण त्याहून जास्त. सहा वर्षांवरची मुलं असतात ही, सगळं कळत असतं. उशीखाली पोळी लपवणारं मूल हावरट नसतं. उद्या मिळेल याची त्याला खात्री नसते. रागावू नका, खाऊचा डबा त्याच्या हाताला लागेल असा ठेवा.

शाळेच्या फॉर्मवर आईवडिलांच्या सहीपाशी गाडी अडते, म्हणून समितीच्या आदेशाची प्रत जवळ बाळगा. सोसायटीतल्या चौकशा होणारच. मुलाचा इतिहास कुणालाही सांगायची गरज नाही, अगदी सेक्रेटरीलाही!

केंद्राच्या २०२४ च्या सूचनांनुसार ३५ ते ६० वयाच्या एकट्या व्यक्तीलाही मूल सांभाळायला घेता येतं आणि दोन वर्षांनी दत्तकाचा मार्गही खुला होऊ शकतो. नेरूळ ठाणे जिल्ह्यात येतं, त्यामुळे चौकशी ठाण्याच्या जिल्हा बाल संरक्षण कक्षात करा. खारघरला असता तर रायगडला जावं लागलं असतं.