आजेसासूबाईंचं नाव लेकीला ठेवू का?

प्रश्न : सगुणाताई, नमस्कार. आम्ही इंदिरानगरला राहतो. तीन आठवड्यांपूर्वी मला मुलगी झाली. माझ्या आजेसासूबाई, द्वारकाबाई, गेल्या भाद्रपदात वारल्या. निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. त्या शाळेत कधी गेल्या नाहीत, पण विरळणीला आलेल्या बायकांची हजेरी पडवीच्या भिंतीवर कोळशाच्या रेघांनी मांडायच्या आणि कुणाचा एक रुपया इकडचा तिकडे होऊ द्यायच्या नाहीत. मला बाळाचं नाव द्वारका ठेवायचंय. मिस्टरांना चालतंय. नणंद म्हणते, "वहिनी, नाशकात द्वारका म्हणजे चौकातला ट्रॅफिक जाम. रिक्षावाले दिवसभर तेच ओरडतात. पोर शाळेतून रडत येईल." तिने कियारा सुचवलंय. सासूबाई म्हणतात, "सासूचं नाव मी जन्मात तोंडाने घेतलं नाही, आता नातीला त्या नावाने हाक कशी मारू?" बारसं तिसऱ्या महिन्यात आहे, पण जन्मदाखल्यासाठी सगळे नाव विचारतायत. काय करू?
— एक बाळंतीण

उत्तर : ठेवा. पण नणंदेचं म्हणणं उडवून लावू नका, कारण ती ज्याची भीती घालतेय ते मी सोसलंय.

माझा जन्म १९५७चा, पंचवटीतला. वर्गात तीन मंगला, दोन सुनंदा आणि सगुणा मी एकटी. मधली सुट्टी झाली की मुली "सगुणा निर्गुणा" करत मागे लागायच्या. चौथीत असताना मी वडिलांना सांगितलं, माझं नाव मंगला करा. ते काही बोलले नाहीत. माळ्यावर चढून त्यांनी तांब्याचं एक पातेलं खाली काढलं, काळं पडलेलं, आणि मला चिंच लावून घासायला बसवलं. घासता घासता काठाखाली एकेक ठिपका दिसायला लागला. तांबटाने ठोकून काढलेली अक्षरं होती : सगुणाबाई. ना नवऱ्याचं नाव, ना आडनाव.

ती माझी आजी. ऐन तिशीत कुंकू पुसलं गेलं. मग यात्रेकरूंना स्वयंपाकाची भांडी भाड्याने देऊन तिने घर चालवलं, आणि भांडी फिरून घरी यावीत म्हणून प्रत्येकावर नाव घालून घेतलं. १९५६च्या सिंहस्थात तिची झाडून सगळी भांडी गंगेवर होती. (गोदावरीला आपण गंगाच म्हणतो, हे तुम्हाला सांगायला नको.) त्यानंतर काही महिन्यांत ती गेली आणि मी जन्मले. वडील एवढंच म्हणाले, "या भांड्यांवर मी शिकलो."

चिडवणं काही लगेच थांबलं नाही. पण मंगला व्हायचं मात्र माझ्या मनातून गेलं. तुमच्या लेकीला शाळेत कुणी "द्वारका, द्वारका, दोन सीट" म्हणायच्या आधी तिला तिच्या पणजीची गोष्ट पाठ असायला हवी. तो चौक तिच्या रोजच्या वाटेवर येणारच. नाव आवडतं पण गोष्ट सांगायला कुणाला वेळ नाही, असं असेल तर मात्र कियाराच बरं.

जुनं आहे म्हणून प्रत्येक नाव पुढे न्यावं, असंही मला वाटत नाही. मुलगी नको होती म्हणून नकोशी नाव ठेवलेल्या पोरी आपल्याकडे होत्या. २०११ साली सातारा जिल्ह्यात अशा अडीचशेहून जास्त मुलींना समारंभाने नवी नावं दिली गेली. असं नाव कुणाच्या आजीचं असलं तरी ते तिच्याबरोबरच संपू द्यावं. द्वारका तसं नाही.

एक चौकशी मात्र नक्की करा. द्वारका हे त्यांचं माहेरचं नाव की सासरचं? त्या पिढीत लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळांत अंगठीने नवं नाव लिहिलं की जुनं तिथेच सुटायचं. आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या मनकर्णिका गोखले अशाच लक्ष्मीबाई टिळक झाल्या. आजेसासूबाईंच्या माहेरी कुणी वयस्कर माणूस असेल तर फोन करून विचारा, की लहानपणी त्यांना काय म्हणायचे. कदाचित एखादं नाव असं सापडेल, जे साठ-सत्तर वर्षांत कुणी उच्चारलेलंच नाही.

आणि सापडलं, तर तेच सासूबाईंना द्या. त्यांची अडचण खरी आहे, तिला हट्ट समजू नका. जे नाव आयुष्यभर ओठांवर आणलं नाही, त्या नावाने पोरीवर रागवायचं कसं, हा त्यांच्यापुढचा प्रश्न आहे. पाळण्यात बाळाच्या कानात एकाहून जास्त नावं सांगतातच. आजीने माहेरच्या नावाने हाक मारावी, बाकीच्यांनी द्वारका म्हणावं. पूर्ण म्हणावं. घरातच त्याचं डुग्गू-बिग्गू केलंत, तर बाहेर ते नाव कोण मानाने घेणार?

दाखल्याची घाई नको. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हावी लागते, ती बहुधा दवाखान्यातून झालीच असेल, तेवढी खात्री करून घ्या. नाव नसतानाही नोंद होते आणि वर्षभरात ते विनाशुल्क भरता येतं. शिवाय १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर महाराष्ट्रात आईचं नावही लागतं. म्हणजे द्वारकाच्या लगेच पुढे तुमचं नाव येईल. मला तर हे फार आवडलं.

नणंदेला बारशाआधी दोन दिवस बोलवून घ्या. कानात कुर्र करण्याचा मान आत्याचा. तो तिने मनापासून घ्यायला हवा, तोंडदेखला नको. तिला घेऊन एकदा मळ्यावर जा. तीही त्या आजीचीच नात आहे. आणि पडवीतल्या त्या भिंतीला बारशासाठी रंग काढायचं कुणाच्या मनात असेल तर आधी थांबवा. रेघा अजून असतील.